काजूगराचे विकिरण

कोकणात उन्हाळ्यात वेचलेली काजू बी फोडून काढलेले गर पुष्कळदा पावसाळाभर साठवावे लागतात. हाच काळ किडीच्या वाढीस पोषक असतो. तांबडा भुंगेरा व धान्यातील पतंग गरांवर अंडी घालतात. ती सहसा नजरेस पडत नाहीत. पुढे गिऱ्हाइकाने पुडी उघडली की आत अळी व जाळी सापडते आणि माल परत येतो. धुरी देता येते, परंतु ती वारंवार व अपुरी दिल्यास किडी तिला दाद देईनाशा होतात. गर पुन्हा तापवावेत, तर रंग बिघडून भाव उतरतो.

या अडचणीवर गॅमा किरणांचा उपाय उपलब्ध आहे. बंद खोकी जाड भिंतींच्या खोलीत कोबाल्ट-60 च्या कांड्यांभोवती फिरविली जातात. किरण आवेष्टनातून आरपार जाऊन आतील अंडी, अळ्या व कोष यांची वाढ थांबवितात. माल फारसा तापत नाही व किरणोत्सर्गीही होत नाही. दिव्याच्या उजेडात ठेवलेले भांडे दिवा मालवल्यावर स्वतः उजेड देत नाही, तसेच हे आहे.

भारतीय नियमांनुसार सुक्या मेव्यातील कीड नष्ट करण्यासाठी 0.25 ते 1 किलोग्रे मात्रा देता येते. अधिक मात्रेने माल अधिक टिकेल, हा समज मात्र घातक ठरतो. काजूगराचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. मात्रा वाढल्यास ते खवट होऊ लागते. पिशवीत हवा राहिल्यास हा दोष आणखी बळावतो.

मात्रा केंद्रातील तज्ज्ञ ठरवितात. त्यापूर्वीची काळजी उत्पादकाने घ्यावयाची असते. गरातील ओलावा सुमारे 5 टक्क्यांवर आणावा, बुरशी आलेले गर निवडून काढावेत, आणि हवा काढून किंवा नायट्रोजन भरून पिशव्या घट्ट बंद कराव्यात. बुरशीने एकदा निर्माण केलेले विष या मात्रेने जात नाही. शिवाय किरणांचा प्रभाव मागे उरत नाही. पिशवीस भोक पडले तर नवा भुंगेरा खुशाल आत शिरतो.

वाशी येथे मसाल्यांच्या पदार्थांसाठी 2000 साली विकिरण केंद्र सुरू झाले. त्यानंतर लासलगावी कांद्यासाठी केंद्र उभे राहिले. एकट्या शेतकऱ्यास थोडा माल दूर नेणे परवडत नाही. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सहकारी संस्थेमार्फत माल एकत्र करावा आणि तो पाठविण्यापूर्वी केंद्राकडे दर, किमान वजन व खोक्यांचे माप यांची चौकशी करावी. विकिरणित मालावर विहित चिन्ह छापणे बंधनकारक असल्याने पिशव्यांच्या छपाईपूर्वीच तशी सोय ठेवावी.