जुन्या ट्रकला रबराचा नवा अंगरखा

सोलून काढता येणारा रंग! ऐकायला गंमत वाटते, पण अमेरिकेत अनेक जण आपल्या म्हाताऱ्या गाडीचे रूप घराच्या अंगणातच पालटतात ते याच रंगाच्या जोरावर. तो काय करू शकतो आणि काय नाही, हे मात्र डबा उघडण्यापूर्वीच समजून घ्यायला हवे.

ट्रक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेला, फुलापानांनी नटलेला दहाचाकी गडी. अमेरिकेत मात्र ट्रक म्हणजे बहुतेक वेळा पिकअप. पुढे दोन-चार माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. शेतकरी त्यात गवताचे भारे टाकतो, सुतार फळ्या टाकतो, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच गाडीतून सारे कुटुंब तळ्याकाठी सहलीला जाते. अशी गाडी पंधरा-वीस वर्षे सहज घरात राहते. इंजिन ठणठणीत असते, पण उन्हाने बॉनेटचा रंग उडालेला असतो, बंपर पांढुरका पडलेला असतो आणि चाकांच्या रिमा कळकट झालेल्या असतात.

गॅरेजमध्ये नेऊन संपूर्ण गाडी नीट रंगवायची तर तिकडे हजारो डॉलर मोजावे लागतात. जुन्या ट्रकची तेवढी किंमतही येत नाही! मग घरधनी दुकानातून सोलता येणाऱ्या रबरी रंगाचे डबे आणतो.

तळहातावरचा फेविकॉल

हे रबर सोलून निघते कसे? शाळेत असताना तळहातावर फेविकॉल पसरून, तो वाळल्यावर अलगद सोलून काढण्याचा उद्योग कोणी केला नाही? तत्त्व तेच आहे. नेहमीचा रंग खालच्या थराला घट्ट धरून बसतो. त्यासाठीच आधी पॉलिश पेपर मारतात, प्रायमर लावतात. हे रबर मात्र स्वतःला घट्ट धरते आणि खालच्या पृष्ठभागाला सैल. त्यातील द्रावक हवेत उडून गेला की मागे एक सलग, लवचीक पापुद्रा उरतो. कडेला नख लावून ओढले की तो सालीसारखा निघतो आणि खालचा मूळ रंग जसाच्या तसा दिसतो.

कल्पना तशी जुनीच. 1945 मध्ये दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकी नौदलाने अनेक युद्धनौका राखीव म्हणून नांगरून ठेवल्या. त्यांच्या तोफा गंजू नयेत म्हणून त्यांवर सोलता येणारे प्लॅस्टिकचे आवरण फवारण्यात आले. या पद्धतीला नाव मिळाले ‘ककून’, म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. पुढे 1972 मध्ये मिनेसोटा राज्यात ‘प्लास्टी डिप’ बनवणारी कंपनी सुरू झाली. तिचे रबर होते पक्कड आणि पाने यांच्या मुठींसाठी. मूठ डब्यात बुडवायची, वाळवायची, की हातातून न निसटणारी पकड तयार! हौशी मंडळींनी ते रिमांवर, जाळीवर आणि अखेर साऱ्या गाडीवर फवारायला सुरुवात केली, ती बऱ्याच वर्षांनी.

फवारण्याची रीत

काम अवघड नाही, पण घाईचे नाही. आधी गाडी साबणाने स्वच्छ धुवायची. मेणाचा किंवा पॉलिशचा अंश राहिला तर रबर नीट बसत नाही. मग काचा, दिवे, टायर कागद आणि मास्किंग टेपने झाकायचे. पहिला हात अगदी विरळ, नुसत्या तुषारांसारखा. तो सुकल्यावर वीस-तीस मिनिटांच्या अंतराने पुढचे हात. किमान पाच तरी हवेतच. कंजूषपणाने पातळ थर दिला, तर पुढे सोलताना त्याचे तुकडे-तुकडे होतात. (यावर उपाय सोपा आहे : आणखी दोन-तीन हात मारून थर जाड करायचा आणि मग सोलायचा.) शेवटचा हात ओला असतानाच टेप काढायची, नाहीतर टेपबरोबर रबराची कडही फाटून येते.

रिमा आणि जाळी यांना हातातले स्प्रेचे डबे पुरतात. पूर्ण गाडीला मात्र कित्येक लिटर माल आणि स्प्रे गन लागते. कडक उन्हात, दमट हवेत किंवा पावसाळ्यात हे काम काढू नये. त्यातील द्रावक पटकन पेट घेणारे असतात, त्यांची वाफही घातक. तेव्हा जागा हवेशीर हवी, रासायनिक वाफेसाठीचा मास्क हवा (नाकावर बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही), आणि विडी-सिगारेट, स्टोव्ह व मुले दूर हवीत.

असा थर साधारण दोन-तीन वर्षे टिकतो. त्याचा हाडवैरी म्हणजे पेट्रोल. टाकीच्या तोंडाशी ते सांडले आणि लगेच पुसले नाही, तर रबर विरघळते.

अंगरखा म्हणजे औषध नव्हे

खरी फसगत होते ती पुढे. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते मीठ चाकांवरच्या मडगार्डात साठते आणि पत्रा आतून खाते. आपल्या कोकणपट्टीत आणि गोव्यात खारी हवा हेच काम करते. अशा गंजावर रबर फवारले की गाडी वरून गुळगुळीत दिसते, पण ओल आतच कोंडते आणि गंज आपले काम चालूच ठेवतो. दोन वर्षांनी पापुद्रा सोलावा, तर खाली भोक! मूळ रंगाला पोपडे आले असतील तर तेही रबराबरोबर निघून येतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही म्हणूनच सावध असावे. मॅट रंगाची गाडी दिसली की दाराच्या खालच्या कडा आणि मडगार्डची आतली बाजू हाताने चाचपून पाहावी.

असे डबे भारतातही मिळतात. पण आपल्याकडे गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो. रिमा काळ्या करणे वेगळे, सारी गाडीच वेगळ्या रंगात न्हाऊ घालायची तर आधी आरटीओत चौकशी करावी. आणि लष्करी हिरव्याचा, म्हणजे ऑलिव्ह ग्रीनचा, मोह टाळावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे.

पत्रा शाबूत असेल आणि रंगच तेवढा विटला असेल, तर हा अंगरखा थोडक्या खर्चात गाडीला तरतरी देतो. मन बदलले तर उतरवून ठेवण्याची सोयही आहे. पत्राच दुखणाईत असेल, तर मात्र आधी गंज खरवडून डेंटिंग करून घ्यावे. कपडे बदलून ताप उतरत नाही, मग तो माणसाचा असो की ट्रकचा!