शेणखत रानात सोनं, पाण्यात विष



उसाच्या रानाला शेणखताची किंमत काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण रानाच्या गरजेपेक्षा जास्त शेण-मूत एका जागी साठलं, तर पाण्याची काय दशा होते, हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याने चांगलेच अनुभवले आहे. आपल्याकडेही दहा-वीस संकरित गाईंचे गोठे आता दिसतात. म्हणून ही हकीकत समजून घेण्याजोगी आहे.

त्या राज्याच्या पूर्व भागात 1990 नंतर डुक्करपालनाचा धंदा झपाट्याने वाढला. दशक संपेपर्यंत डुकरांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. एकेका शेडमध्ये शेकडो जनावरे. खाली फटींची जमीन; फटींतून पडलेले मलमूत्र पाण्याने धुऊन उघड्या तळ्यात सोडायचे आणि तळ्यातले पाणी आसपासच्या रानात फवारायचे, अशी तिथली रीत. खाद्य बाहेरून यायचे, घाण मात्र तिथेच राहायची. जनावरे वाढली, रान तेवढेच राहिले. गणित चुकले ते इथे!

जून 1995 मध्ये जोरदार पावसानंतर आठ एकरांच्या अशा एका तळ्याचा बांध फुटला. सुमारे साडेनऊ कोटी लिटर घाण न्यू नदीत गेली. हजारो मासे मेले. 1997 साली तिथल्या विधिमंडळाने अशा नव्या केंद्रांना मनाई केली. तरी जुनी तळी होतीच. सप्टेंबर 1999 च्या फ्लॉइड वादळात त्यांतली कित्येक पुराच्या पाण्याखाली गेली.

मासे का मरतात? मळीचे पाणी नदीत गेल्यावर मासे वर तरंगलेले आपण पाहतो, त्यातलाच हा प्रकार. घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. शिवाय घाणीतल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते. ते मरून कुजू लागले की उरलेला प्राणवायूही जातो.

फुटलेला बांध निदान डोळ्यांना दिसतो. विहिरीत झिरपणारे नत्र दिसत नाही. ते नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर खाली उतरते. त्याला ना रंग, ना वास. जादा युरिया टाकला तरी हेच घडते, हेही आपण ध्यानात ठेवावे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला असे पाणी फार बाधते. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, अंग निळसर पडते, जिवावरही बेतते. पाणी उकळून पाजतो म्हणाल, तर उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

युरोपातल्या देशांनी 1991 साली यावर नियम केला. जिथे पाण्याला नायट्रेटचा धोका आहे, तिथे जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला 170 किलोपर्यंतच नत्र द्यायचे. म्हणजे एकरी सुमारे 69 किलो. थोडक्यात, जेवढे रान पचवील तेवढीच जनावरे.

आपल्याला करता येण्याजोग्या गोष्टी अशा:

1. उकिरडा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला ठेवावा.
2. गोठ्यातले मूत व धुण्याचे पाणी ओढ्याला न सोडता पक्क्या टाकीत घ्यावे. शेण गोबरगॅसला वापरावे. त्याची स्लरीही उत्तम खत आहे.
3. मोठ्या पावसाच्या तोंडावर स्लरी किंवा शेणखत रानात पसरू नये.
4. विहिरीला कठडा बांधावा. पाण्याची तपासणी करून घेताना नायट्रेटही पाहायला सांगावे.
5. गाई वाढवण्याआधी खत जिरवायला आपल्याकडे रान किती, याचा हिशेब करावा.

विहीर आपली एकट्याची असली, तरी जमिनीखालचे पाणी साऱ्या शिवाराचे आहे. घरात तान्हे मूल असेल, त्या सभासदांनी तर पाणी तपासायला उशीर करू नये.