एका पाटावरची चक्की आणि भट्टी

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन 1799च्या डिसेंबरात वारले. त्या वर्षी त्यांच्या शेतावरच्या भट्टीतून जवळजवळ 11,000 गॅलन व्हिस्की निघाली होती. आपल्या मापात चाळीस हजार लिटरच्या वर आणि किंमत सुमारे साडेसात हजार डॉलर. त्या काळी व्हर्जिनियातल्या साध्या भट्टीत तांब्याचे एक-दोन हंडे असायचे आणि वर्षाकाठी साडेसहाशे गॅलनच्या आसपास माल निघायचा. वॉशिंग्टन यांच्या भट्टीत पाच हंडे होते. तेव्हाच्या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या भट्ट्यांमध्ये तिची गणना होत असे.

ही भट्टी आणि तिला पीठ पुरवणारी पाणचक्की आज पुन्हा उभी आहे, चालतेही. पोटोमॅक नदीकाठच्या, वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्ननच्या वाड्यापासून तीनएक मैलांवर डोग रन नावाचा ओढा आहे. त्या ओढ्यावरून आणलेल्या पाटाच्या कडेला या दोन दगडी इमारती आहेत. वॉशिंग्टन डीसीच्या आसपास मराठी घरं भरपूर. गावाकडून आलेल्या आईवडिलांना, पाहुण्यांना माउंट व्हर्ननचा वाडा आवर्जून दाखवला जातो. वाडा, समाधी, नदीचा देखावा यांत दिवस संपतो आणि चक्की राहून जाते. मला विचाराल तर वॉशिंग्टन समजून घ्यायचे तर वाड्याच्या दिवाणखान्यापेक्षा इथे यावं. सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष या दोन बिरुदांखालचा हिशेबी, नव्या यंत्राला न बिचकणारा, दाण्यादाण्यातून पैसा उभा करणारा शेतमालक इथे दिसतो. त्याच्या मालकीची माणसंही इथेच दिसतात.

सुरुवात दळणापासून झाली. व्हर्जिनियातले जमीनदार पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू लावत. तंबाखूने जमिनीचा कस जातो आणि भाव लंडनच्या व्यापाऱ्यांच्या हाती राहतो. दोन्ही ओळखून वॉशिंग्टन 1760च्या दशकात गव्हाकडे वळले. गहू आला की चक्की हवी. वडिलांच्या काळची जुनी चक्की होती, पण ती मोडकळीला आलेली. म्हणून 1770-71 मध्ये त्यांनी नवी दगडी चक्की बांधली. तिच्यात दगडांचे दोन जोड बसवले. एका जोडावर शेजारपाजारच्या शेतकऱ्यांचा आणि घरचा मका दळायचा. दुसरा जोड निर्यातीच्या गव्हासाठी. या पिठाची पिंपं वेस्ट इंडीजच्या बेटांपर्यंत आणि युरोपपर्यंत जात.

निर्यातीच्या जोडाचे दगड फ्रान्समधून आणलेले. पॅरिसच्या पूर्वेला मार्न नदीच्या खोऱ्यात गारेसारखा कठीण, बारीक छिद्रांचा दगड सापडतो. एवढा मोठा अखंड दगड सहसा मिळत नाही, म्हणून तुकडे घडवून, एकमेकांत बसवून, प्लॅस्टरने सांधून भोवती लोखंडी पट्टा आवळायचा. या दगडावर पीठ पांढरंशुभ्र निघतं, कारण कोंडा कुटला न जाता मोठ्या पापुद्र्यांनी सुटतो. दगडाच्या अंगावर मध्यापासून कडेपर्यंत तिरप्या चऱ्या खोदलेल्या असतात. वरचा दगड फिरला की वरच्या आणि खालच्या चऱ्या एकमेकींना कात्रीसारख्या छेदतात, दाणा कापला जातो आणि पीठ कडेकडे सरकतं. चऱ्या बोथट झाल्या की दगड उचलून उलटा करायचा आणि टाकी लावायची. खरं कौशल्य असतं दोन दगडांमधलं अंतर राखण्यात. दगड एकमेकांना टेकले तर पीठ जळतं, जास्त उचलले तर भरड पडते. दळणारा माणूस पन्हाळीखाली हात धरतो, पडणारं पीठ अंगठ्याने बोटांवर चोळून पाहतो आणि त्या स्पर्शावरून दगड केसभर वर-खाली करतो. चक्कीचं चाक इमारतीच्या आतच आहे. पाटाचं दार उघडलं की आधी खालून पाण्याचा आवाज येतो, मग लाकडी दातेरी चाकं बोलू लागतात आणि जमीन पायाखाली थरथरते.

पण या चक्कीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट दगडांच्या वरच्या मजल्यांवर आहे. डेलावेअरमध्ये ऑलिव्हर इव्हान्स नावाचा एक कल्पक कारागीर होता. त्या काळच्या चक्कीत धान्याची पोती खांद्यावरून वरच्या मजल्यावर न्यावी लागत. दळलेलं गरम, ओलसर पीठ पुन्हा वर वाहून नेऊन, फावड्याने पसरून, निववून मग चाळावं लागे. माणसं बरीच लागत, त्यांचे पाय पिठात पडत, माल वाया जाई. इव्हान्सने हे सगळं पाण्याच्या चाकावर सोपवलं. एका न संपणाऱ्या चामडी पट्ट्याला छोटे डबे जोडले. पट्टा फिरला की डबे तळातून धान्य किंवा पीठ भरून घेत आणि वर जाऊन ओतत. वरच्या मजल्यावर एक लांब दाताळं गोल फिरत राही. ते पीठ पसरवी, निववी आणि हळूहळू मधल्या भोकाकडे ढकली. तिथून पीठ रेशमी कापडाच्या फिरत्या चाळणीत पडे आणि बारीक, मध्यम, भरड, कोंडा अशी प्रतवारी आपोआप होई. धान्य एकदा आत ओतलं की पीठ होऊन बाहेर येईपर्यंत त्याला हात लावायला नको.

डिसेंबर 1790 मध्ये इव्हान्सला या पद्धतीचं पेटंट मिळालं. अमेरिकेच्या सरकारने दिलेलं हे तिसरं पेटंट आणि त्यावर सही राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांची. पुढच्याच वर्षी त्यांनी ही यंत्रणा स्वतःच्या चक्कीत बसवून घेतली. नव्या राष्ट्राचा प्रमुख नव्या यंत्राचा गिऱ्हाईक झाला. सलग चालणाऱ्या कारखान्याचा इतिहास सांगताना लोक मोटारींच्या कारखान्यांपासून सुरुवात करतात, तेव्हा मला हे पट्ट्यावरचे डबे आठवतात.

मालकाला मात्र चक्कीची डोकेदुखीही होती. उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी आटे. विल्यम रॉबर्ट्स हा पेनसिल्व्हेनियाहून आणलेला दळणारा आपल्या कामात फार तरबेज होता, पण दारूच्या आहारी गेला आणि 1785 मध्ये त्याला काढावं लागलं.

1797 उजाडता उजाडता जेम्स अँडरसन हा स्कॉटिश माणूस शेतीचा कारभारी म्हणून आला. धान्याचा व्यापार आणि दारू गाळणं दोन्ही त्याने मायदेशात केलेलं होतं. त्याने आल्याआल्या पाहिलं की इथे राय नावाचं धान्य पिकतं (जमिनीचा पोत राखायला ते लावत), मका पिकतो, दळायला चक्की आहे, पाणी आहे, पिंपं बनवणारे कारागीर आहेत. मग भट्टी का नाही? वॉशिंग्टन यांना या धंद्यातलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी तसं मोकळेपणाने लिहिलंही. त्यांनी अलेक्झांड्रियात रम गाळणाऱ्या जॉन फिट्झजेराल्ड या मित्राचा सल्ला घेतला. पहिल्या वर्षी पिंपांच्या कारखान्यातच दोन हंडे मांडले आणि सहाशे गॅलन माल निघाला. तो हातोहात खपला. मग 75 फूट लांब, 30 फूट रुंद दगडी भट्टी बांधली गेली आणि 1798च्या वसंतात ती सुरू झाली.

त्याआधी चारच वर्षं, 1794 मध्ये, व्हिस्कीवरच्या अबकारी कराविरुद्ध पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी उठले होते आणि ते बंड मोडायला वॉशिंग्टन स्वतः सैन्याबरोबर निघाले होते. आता तेच करदाते झाले. पाच हंड्यांची मिळून क्षमता 616 गॅलन. त्या हिशेबाने 1798चा कर 332 डॉलर भरल्याची नोंद आहे.

जमाखर्चाच्या त्या वह्यांतूनच व्हिस्कीचं प्रमाणही सापडलं. भट्टीला किती धान्य गेलं याच्या नोंदी मांडल्यावर हिशेब निघाला: 60 टक्के राय, 35 टक्के मका, 5 टक्के मोड आणून वाळवलेलं सातू. आज इथे जी व्हिस्की गाळतात ती याच प्रमाणाने. चक्कीत भरडलेलं धान्य लाकडी पिंपांत उकळत्या पाण्यात कालवायचं. रायचा लगदा चिकट, लांब दांड्याच्या दाताळ्याने ढवळताना दंड भरून येतात. सातूच्या मोडांमुळे पिठूळ भागाची साखर होते. मिश्रण निवलं की खमीर घालायचं आणि तीन-चार दिवस आंबू द्यायचं. आंबट, पावासारखा वास इमारतभर पसरतो. मग ते बादल्यांनी तांब्याच्या हंड्यात ओतायचं आणि खाली लाकडाचा जाळ. वाफ हंड्याच्या नळीतून तांब्याच्या वेटोळ्यात जाते. ते वेटोळं गार पाण्याच्या पिंपात बुडवलेलं असतं आणि हे पाणी येतं पाटातूनच. म्हणजे एकच ओढा इथे दगड फिरवतो आणि वाफही निववतो.

पहिल्या खेपेला निघते ती कमजोर दारू. ती पुन्हा हंड्यात घालून दुसऱ्यांदा गाळतात, गोव्यात हुर्राकापासून फेणी करतात तशी. दुसऱ्या खेपेची अगदी सुरुवातीची धार पिण्यालायक नसते. ती बाजूला काढतात, मधली ठेवतात, शेवटची पुन्हा हंड्यात घालायला राखतात. धार कुठे तोडायची हे नाक आणि जीभ ठरवते. अठराव्या शतकात तापमापकाचा आधार घेणारे थोडेच. जाळ वाढला की लगदा तळाला लागतो आणि सगळा माल करपट होतो, म्हणून सरपणावर बसलेल्या माणसाला डोळा लावायची सोय नाही. वॉशिंग्टन यांच्या काळी ही व्हिस्की पिंपात मुरवत नसत. पाण्यासारखी स्वच्छ असतानाच ती अलेक्झांड्रियाच्या आणि आसपासच्या दुकानदारांकडे जाई. साधी गॅलनला साधारण 50 सेंट, चार वेळा गाळलेली त्याहून महाग. सफरचंद आणि पीच यांचीही ब्रँडी गाळत. हंड्यात उरलेला चोथा डुकरांना आणि गुरांना घालत. 1798 मध्ये आलेल्या युलिआन निएम्त्सेविच या पोलिश लेखकाने ही डुकरं पाहिली. ती इतकी माजलेली होती की त्यांना आपली पोटं ओढवत नव्हती, असं तो नोंदवून गेला आहे.

आता हे काम करत कोण होतं? अँडरसन आणि त्याचा मुलगा जॉन देखरेखीला. जाळ घालणं, ढवळणं, बादल्या वाहणं, धार राखणं हे सगळं करणारे सहा जण गुलाम होते: हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमोथी. आडनावं नोंदलेली नाहीत. मजुरी नाही. मघाशी सांगितलेलं जे कौशल्य, ते त्यांचं होतं. साडेसात हजारांचा आकडा वाचताना हे डोळ्यांआड करता येत नाही आणि इथे ते करू देतही नाहीत, याबद्दल मला ही जागा सांभाळणाऱ्या संस्थेविषयी आदर वाटतो. जुनी वास्तू गोडगोड करून दाखवणं फार सोपं असतं.

1799 मध्ये माउंट व्हर्ननवर 317 गुलाम होते. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या 123 जणांच्या मुक्तीची तरतूद केली. 153 जण पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या, कस्टिसच्या, इस्टेटीचे होते. त्यांना मुक्त करण्याचा अधिकार कायद्याने वॉशिंग्टन यांना नव्हता आणि पुढे ती माणसं वारसांमध्ये वाटली गेली. नवरा इकडचा आणि बायको तिकडची, अशा कुटुंबांची त्यात ताटातूट झाली.

मालक गेल्यावर भट्टीचा जोरही गेला. त्यांच्या बहिणीचा मुलगा लॉरेन्स लुईस आणि त्याची बायको नेली यांच्या वाट्याला ती आली. 1814 मध्ये आग लागून ती नष्ट झाली आणि दगड आसपासच्या लोकांनी बांधकामाला नेले. चक्की 1850च्या सुमारास पाडली गेली. वॉशिंग्टन यांच्या जन्माला 1932 मध्ये दोनशे वर्षं झाली, तेव्हा व्हर्जिनिया राज्याने ही जागा घेऊन उत्खनन केलं आणि जुन्या पायावर चक्की पुन्हा बांधली. आतली यंत्रणा याच राज्यातल्या फ्रंट रॉयलजवळच्या एका जुन्या चक्कीतून आणली. देशात तेव्हा दारूबंदी होती. त्यामुळे भट्टीची जागा तशीच राहिली.

पुढे वाडा सांभाळणाऱ्या माउंट व्हर्नन लेडीज असोसिएशनने ही जागा हाती घेतली. चक्की दुरुस्त होऊन 2002 मध्ये लोकांसाठी खुली झाली. भट्टीचं काम याहून अवघड होतं. इमारतीचं चित्र नाही, नकाशा नाही. पुरातत्त्वज्ञांनी अनेक वर्षं माती उकरली. पायाच्या दगडांवरून लांबीरुंदी कळली, लाकडी मोऱ्यांच्या अवशेषांवरून पाणी कसं वाहायचं ते उमगलं, आणि पाच हंडे कुठे मांडलेले होते ते सांगितलं भाजून लाल झालेल्या जमिनीने. 2007च्या वसंतात भट्टी उघडली. नुसती इमारत दाखवून न थांबता त्यांनी तिथे खरोखर व्हिस्की गाळायचं ठरवलं, हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. जाळ किती ठेवायचा, पाटातून वेटोळ्यावर किती पाणी सोडायचं, रायचा लगदा तळाला लागू न देता कसा ढवळायचा, याचं उत्तर कुठल्याही वहीत लिहिलेलं नव्हतं. ते हाताने काम करूनच परत मिळवावं लागलं.

जायचं ठरवलंत तर दिवस आणि वेळ आधी पाहून निघा. जागा हिवाळ्यात बंद असते, इतर वेळीही रोज उघडी असेलच असं नाही. प्रत्यक्ष गाळण्याचं काम वर्षातून थोडेच दिवस चालतं, पण चक्कीत दळण बऱ्याचदा दाखवतात. गेल्यावर आधी चक्कीत शिरा आणि थेट वरच्या मजल्यावर जा. तिथून एकेक पाहत खाली उतरा: डबे, दाताळं, चाळणी, दगड, तळाचं चाक. मग बाहेर येऊन पाटाच्या कडेने भट्टीकडे चला. दोन इमारतींमधलं अंतर थोडंच आहे.