दुनळी, छर्रे आणि मातीचे कबूतर

मुरुडच्या आमच्या घरात ओटीवरच्या भिंतीला दोन लाकडी खुंट्या आहेत. त्यांवर आजोबांची दुनळी बंदूक आडवी टांगलेली असे. आजोबा जंजिरा संस्थानात कारकून होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांनी ही बंदूक जुनीच विकत घेतली. पुढे रीतसर परवान्यासह ती वडिलांकडे आली. गेल्या वर्षी वडील गेले. परवानाधारक वारला की त्याचे शस्त्र घरात ठेवता येत नाही, म्हणून आम्ही ते पोलीस ठाण्यात जमा केले आणि पावती आणली. तेव्हापासून खुंट्या रिकाम्या आहेत.

वारसाला आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो. आईचे म्हणणे होते, ‘‘त्यांची आठवण आहे, घरातच राहू दे.’’ माझी भाची पुण्याला नोकरी करते आणि गेली दोन वर्षे ट्रॅप नेमबाजी शिकते. तिचा प्रश्न वेगळाच होता. ‘‘मामा, नवी बंदूक घ्यायची तर काही लाख जातील. पणजोबांची आहे ना? सरावाला तीच का नको?’’ तिला काय उत्तर द्यावे ते मला कळेना. त्यासाठी चार पुस्तके चाळली, एका जुन्या बंदूक-कारागिराला गाठले, कायद्याची कलमे वाचली. त्यातून जे समजले ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट समजली ती ही की, बंदूक कोणती हा प्रश्न पहिला नाहीच. ती कशावर झाडायची, हा प्रश्न पहिला.

आजोबांच्या काळी त्याचे उत्तर सोपे होते. तितर, लावा, कधीमधी रानकोंबडा. मुरुडच्या उत्तरेला फणसाडचे रान आहे. हे नबाबांचे राखीव शिकारीचे रान. रयतेने त्याच्या बाहेरच्या माळावर फिरायचे. आजोबा भल्या पहाटे निघत, दहा-बारा मैल चालत आणि चार-पाचच काडतुसे झाडून परत येत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही ठरावीक प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीसाठी परवाने देण्याची तरतूद होती. १९९१च्या दुरुस्तीने तीही गेली. दरम्यान १९८६ साली फणसाड अभयारण्य झाले. शिकारीसाठी राखलेले रानच पुढे शेकरू, गिधाडे आणि बिबट्यांसाठी राखले गेले. आज सुपेगावच्या बाजूने आत शिरले तर पाणवठ्यांवर, ज्यांना इकडे ‘गाण’ म्हणतात, दुर्बीण घेतलेली माणसे बसलेली दिसतात. याच जिल्ह्यात किहीमला १९३० साली सालिम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. त्यांचा पक्ष्यांकडे जाणारा रस्ताही लहानपणी छऱ्याच्या खेळण्यातल्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासूनच सुरू झाला होता.

तेव्हा पक्ष्यांच्या शिकारीसाठी बंदूक निवडायची हा विषय आपल्याकडे इतिहासजमा आहे. उरते ते मातीचे कबूतर. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरे उडवून त्यांवर नेम धरण्याची स्पर्धा झाली होती. त्याच्याही आधी, १८८० साली, अमेरिकेत लिगोव्स्की या माणसाने मातीची चकती शोधली होती. आजची चकती चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखा चिकट पदार्थ यांची असते. व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. नाव मात्र अजून कबूतरच. ट्रॅपमध्ये नेमबाजाच्या पुढे १५ मीटरवर एक खंदक असतो. त्यात १५ यंत्रे बसवलेली असतात. नेमबाजाने हाक दिली की त्यांतल्या एकातून चकती सुटते. कोणत्या, ते त्याला आधी कळत नाही. बिकानेरचे करणी सिंह पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ साली जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले, ते याच प्रकारात. राज्यवर्धनसिंह राठोड यांचे २००४चे रौप्यपदक डबल ट्रॅपमधले. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते मात्र रायफलमध्ये, आणि तो फरक नीट समजून घ्यायला हवा.

रायफलच्या नळीला आतून पीळ असतो. तिच्यातून एकच गोळी फिरत जाते आणि नेमबाज स्थिर लक्ष्यावर नेम धरतो. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून एका वेळी शेकडो छर्रे निघतात. ऑलिंपिकच्या काडतुसात २४ ग्रॅम शिसे असते, म्हणजे जवळपास ३०० छर्रे. लक्ष्य धावते असल्यामुळे त्याच्या पुढे मारावे लागते. समजा चकती ३० मीटरवरून सेकंदाला २० मीटर वेगाने आडवी चालली आहे. छऱ्यांना तिथवर पोहोचायला सेकंदाचा सुमारे अकरावा भाग लागतो. तेवढ्यात चकती पावणेदोन मीटर पुढे गेलेली असते. हा हिशोब करत बसायला वेळ नसतो. तो डोळ्याने आणि अंगाने व्हावा लागतो.

आता बंदुकीकडे येऊ. ‘बारा बोअर’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्यातला बारा कुठून आला? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास होईल तो बारा बोअरच्या नळीचा व्यास, सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर त्या लहान होतील, म्हणून वीस बोअरची नळी १५.६ मिलिमीटरची. आकडा मोठा, नळी लहान. ट्रॅपसाठी बहुतेक सगळे बारा बोअरच वापरतात.

दुसरा मुद्दा चोकचा. नळीचे तोंड शेवटी किंचित आवळलेले असते. पूर्ण चोक म्हटला तरी ते आवळणे एक मिलिमीटरच्या आसपासच असते. त्याचे काम मला आमच्या एकदऱ्याच्या कोळ्यांकडे पाहून कळले. पाग टाकणारा कोळी जाळे फेकतो ते हवेत उघडते आणि ठरावीक अंतरावर त्याचा पुरता गोल होतो. फार जवळ पडले तर उघडलेलेच नसते. छऱ्यांचेही तसेच, फक्त छर्रे पुढे उघडतच राहतात आणि शेवटी इतके विरळ होतात की चकती त्यांच्या मधून सुटते. पूर्ण चोकने ४० यार्डांवर साधारण ७० टक्के छर्रे ३० इंचांच्या वर्तुळात पडावेत अशी अपेक्षा असते. चोक नसलेल्या नळीत ते प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास येते. झुडपातून पायाशी उठणाऱ्या तितरासाठी मोकळी नळी हवी, दूर पळणाऱ्या ट्रॅपच्या चकतीसाठी आवळलेली. आजोबांच्या दुनळीची उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली होती. पहिला बार चुकला तर पक्षी तोवर लांब गेलेला असतो, हे त्यामागचे शहाणपण.

तिसरा मुद्दा वजनाचा, आणि इथेच शिकार आणि सराव यांच्या वाटा वेगळ्या होतात. दिवसभर चालून पाच बार काढणाऱ्याला हलकी, तीन किलोच्या आतली बंदूक हवी. सरावाला मात्र एका दिवसात शंभर-सव्वाशे बार होतात आणि प्रत्येक धक्का खांद्यावर येतो. २४ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटतात. नुसत्या छऱ्यांचाच हिशोब धरला तरी तीन किलोची बंदूक सेकंदाला ३.२ मीटर वेगाने मागे येते, चार किलोची २.४ मीटर वेगाने. धक्क्याची ऊर्जा पाव भागाने कमी होते. म्हणून ट्रॅपच्या बंदुका साडेतीन ते चार किलोंच्या असतात. त्यांच्या नळ्याही शेजारी-शेजारी नसून एकीखाली एक असतात. त्यामुळे डोळ्यापुढे एकच अरुंद रेषा राहते. खालच्या नळीचा धक्का सरळ खांद्यात जातो आणि तोंड कमी उसळते.

चौथा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, तरी दुकानात सगळ्यांत कमी विचारला जातो. बंदूक माणसाच्या मापाची आहे का? रायफलला मागे-पुढे नेमाची साधने असतात. छऱ्याच्या बंदुकीत मागचे साधन म्हणजे नेमबाजाचा डोळाच. दस्ता गालाला नेमका कुठे लागतो यावर डोळ्याची जागा ठरते आणि त्यावर छर्रे कुठे जाणार हे ठरते. कारागिराने सांगितलेली परीक्षा सोपी आहे. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहावे. डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नजर नळीवरून सरळ जात असेल तर बंदूक आपली. मान वाकवावी लागत असेल किंवा नळी बाजूला दिसत असेल तर दस्ता बदलून घ्यावा. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर उंच पुरुषाला साडेचौदा इंच चालते. माझ्या भाचीला ते साडेतेरा लागते. आपला कोणता डोळा प्रबळ आहे हेही आधी तपासावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर बोट धरावे आणि एकेक डोळा मिटावा. जो मिटल्यावर बोट खांबावरून सरकते तो प्रबळ.

या चारही कसोट्यांवर पणजोबांची बंदूक नापास होत होती. पण ती नाकारण्याचे खरे कारण निराळे होते, आणि ते मला ठाऊक असायला हवे होते.

मी कॉलेजात असताना एकदा वानरांनी वाडीतल्या शहाळ्यांचा फडशा पाडला. वडिलांनी त्यांना पळवण्यासाठी हवेत बार काढला. काडतुसे नवीच आणलेली होती. आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला, वडील दोन पावले मागे आले आणि पंधरा दिवस त्यांचा खांदा काळानिळा होता. ‘‘वय झालं,’’ एवढेच ते म्हणाले. आम्हीही हसलो. या वर्षी पोलीस ठाण्यातल्या लोकांसमक्ष कारागिराने बंदूक पाहिली तेव्हा त्याने नळीवरून बोट फिरवले आणि एका जागी थांबवले. तिथे नळी किंचित फुगली होती.

कारण त्याने समजावून दिले. जुन्या बंदुकीत काडतुसाची जागा अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिलिमीटरची होती. आजची बहुतेक काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. ही लांबी बार झाल्यानंतरची. आधी काडतुसाचे तोंड दुमडलेले असते, म्हणून ते जुन्या बंदुकीत बिनबोभाट बसते. बार होताना तोंड उलगडते, त्याला जागा पुरत नाही, ते नळीच्या अरुंद भागात घुसते आणि दाब वाढतो. त्यात नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून जोडलेल्या, ज्यांना दमास्कस म्हणतात. त्या काळ्या दारूच्या काळातल्या. बिनधुराच्या दारूचा दाब सोसण्याची खूण त्यांच्यावर नव्हती. इंग्लंडात लंडनला १६३७पासून आणि बर्मिंगहॅमला १८१३पासून नळ्या जास्त दाबाने तपासून त्यांवर शिक्के मारतात. जुनी बंदूक घेणाऱ्याने नक्षी पाहण्याआधी ते शिक्के वाचावेत. काडतुसात दोष नव्हता आणि बंदुकीतही नव्हता. दोघांचा काळ वेगळा होता. वानरांच्या निमित्ताने वडिलांची बोटे गेली असती.

कायद्याविषयी थोडे. आधी परवाना, मग बंदूक, हा क्रम कधीही उलटत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी निदान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक आणि शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांचा वेगळा उल्लेख आहे. कोकणातल्या वाड्या-बागांत ठासणीच्या बंदुका का दिसतात ते यावरून कळते. मात्र राखणीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्यासाठीही वनखात्याची वेगळी परवानगी लागते. २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे.

भाचीने अखेर खेळ सोडणाऱ्या एका नेमबाजाची इटालियन बंदूक घ्यायचे ठरवले आहे. बारा बोअर, खाली-वर नळ्या, ३० इंच लांब, वजन पावणेचार किलोंच्या आत. परवाना हाती आला की दस्ता एक इंच कापून घ्यायचा आणि मग मोठ्या कागदावर एकाच अंतरावरून दहा बार काढून छर्रे कुठे पडतात ते मोजायचे. तोवर ती रोज पंचवीस वेळा सरावाची रिकामी बंदूक खांद्याला लावते.

आईला मी फुगलेल्या नळीचे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘त्यांना कळलं होतं की नव्हतं?’’ याचे उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या दिवसानंतर वडिलांनी ती बंदूक पुन्हा कधी झाडली नाही, दर दसऱ्याला तेल मात्र दिले, एवढे मला आठवते. मी परवान्याचा अर्ज केला नाही. बंदूक सरकारजमा करण्याच्या कागदावर आईने आणि मी सह्या केल्या. खुंट्या काढायला सुतार बोलावला होता, पण आईने त्याला परत पाठवले. आता त्यांवर भाचीची दुर्बीण टांगलेली असते. दिवाळीला ती आली की आम्ही फणसाडला जाणार आहोत, तितर कुठून उठतो ते पाहायला.