औषध-परिचयाची फाईल आणि तिचे साहित्य

औषधनिर्मिती करताना आपण भावना किती द्यावयाच्या, पुटे किती, याचा सूक्ष्म विचार करतो. तेच औषध चिकित्सकापुढे मांडणारी फाईल मात्र स्टेशनरीच्या दुकानात प्रथम दिसेल ती उचलतो. प्रस्तुत लेखकाकडूनही हेच घडले आणि त्याचा भुर्दंड एका निरपराध रुग्णाला सोसावा लागला.

काही वर्षांपूर्वी आषाढात, माझी भागीदारी असलेल्या छोट्या फार्मसीचा प्रतिनिधी एका ज्येष्ठ वैद्यांकडे फाईल ठेवून आला. तीत साधा सूतशेखर व सुवर्णयुक्त सूतशेखर यांची पाने पाठोपाठ होती. दरपत्रक निराळे होते. पाकिटे पीव्हीसीची, छपाई लेझर प्रिंटरची. पाने मागेपुढे करताना ‘साधा’ हा शब्द पाकिटाच्या आतील बाजूस चिकटून निघाला, आणि मागे उरले नुसते ‘सूतशेखर रस’. वैद्यांनी ते पान सुवर्णयुक्ताचे समजून दूरध्वनीवरून मागणी नोंदविली. माल आला तो साधा. मदतनिसाने तो नेहमीच्या बरणीत ओतला. अम्लपित्ताच्या एका जीर्ण रुग्णास महिनाभर त्याच्या पुड्या गेल्या व अपेक्षित उपशय मिळेना, तेव्हा वैद्यांनी रिकामा डबा मागवून लेबल वाचले. मला फोनवर ते एवढेच म्हणाले, “डॉक्टर, तुमची फाईल परत पाठवतो आहे. ते पान जरा उजेडात धरून पाहा.”

पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येतात व टोनरची शाई सैल करून प्लॅस्टिकवर ओढून घेतात. उष्णता व दाब असता हे लवकर घडते, आणि प्रतिनिधीच्या मोटारसायकलच्या डिकीत दोन्ही भरपूर. म्हणून पाकिटे पॉलिप्रॉपिलिनचीच घ्यावीत. ती किंचित कडक असतात, हाताळताना कुरकुरतात. परंतु अक्षरे ओढीत नाहीत.

दुसरी अडचण खरेदीनंतरच ध्यानात येते. ए-४ कागद २१० मि.मी. रुंद असतो, परंतु भोकांची पट्टी धरून पाकीट त्याहून रुंद भरते. परिणामी नेहमीच्या विभाजक पुठ्ठ्यांचे कान पाकिटांखाली झाकले जातात आणि रसकल्प, आसवारिष्टे, घृत-तैले हे विभाग शोधताना प्रतिनिधी समोरच्याचा वेळ खातो. जादा रुंदीचे विभाजक मागून घ्यावेत. कडी पूर्ण गोल न घेता ‘डी’ आकाराची घ्यावी. तिच्या सरळ बाजूवर पानांच्या कडा एका रेषेत राहतात व पाने वाकत नाहीत. दोन भोकांमधील अंतर ८० मि.मी. हे आंतरराष्ट्रीय प्रमाण असून आपल्याकडील साधे पंच बहुधा त्याच मापाचे असतात. तीन कड्यांची आकर्षक विदेशी फाईल भेट मिळाली, तरी तिच्यासाठी पंच कोठून आणणार?

स्पायरल बांधणी मी कटाक्षाने टाळतो. घटकद्रव्यांचे प्रमाण बदलले, तर जुने पान त्याच दिवशी निघाले पाहिजे. नियम १६१ अन्वये लेबलवर जे घटक छापलेले असतात, त्यांच्याशी फाईलमधील पान शब्दशः जुळावे. प्रत्येक पानाच्या तळाशी ते केव्हा बदलले त्याची तारीख असावी.

विभाजकांपैकी एकास मी सर्वाधिक महत्त्व देतो. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात प्रतिबंधक कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग आदी व्याधी येतात व त्यांवरील उपचाराची जाहिरात निषिद्ध आहे. नोंदणीकृत चिकित्सकांस विहित रीतीने, गोपनीयपणे पाठविलेल्या मजकुरास कलम १४ मध्ये सवलत आहे. परंतु तीच फाईल औषधविक्रेत्याच्या काउंटरवर उघडी पडली आणि गिऱ्हाईक ती चाळू लागले, तर गोपनीयता उरली कोठे? सबब आम्ही दोन फायली केल्या. हिरवी दुकानासाठी : नाव, घटक, पॅकिंग, दर. तांबडी केवळ चिकित्सकांसाठी, बटणाची झडप असलेली. ती प्रतिनिधीने कोठेही ठेवून यावयाची नाही.

नमुन्यांसाठी झिप असलेले पाकीट पुरेसे आहे. त्यातील प्रत्येक पुडीवर ‘फिजिशियन्स सॅम्पल, नॉट टू बी सोल्ड’ ही अक्षरे हवीतच. काही उत्साही मंडळी पारदर्शक कप्प्यांत वनौषधींचे तुकडे लावतात. आम्हीही एकदा गुग्गुळ लावला होता. वैशाखात तो वितळून शेजारच्या तिन्ही पानांना घट्ट बिलगला.

मुखपृष्ठावरील सोनेरी ठशाचा खर्च मला अनाठायी वाटतो. बाहेरून पारदर्शक खिसा असलेली फाईल घ्यावी. पत्ता वा परवाना क्रमांक बदलला, तर आतील एक कागद बदलून काम भागते.