पायी पाहण्याचे शहर : डॅन्यूबकाठचे रेगेन्सबुर्ग

जर्मनीला जाणारा आपल्याकडचा प्रवासी बहुधा बर्लिन, म्युनिक आणि ऱ्हाइन नदीतील नौकाविहार एवढ्यावर समाधान मानून परततो. म्युनिकहून रेल्वेने दीड तासाच्या अंतरावर असलेले रेगेन्सबुर्ग त्याच्या यादीत क्वचितच असते. वास्तविक मध्ययुगातील जर्मन व्यापारी शहर कसे होते, हे पुस्तकाऐवजी पायांनी समजून घ्यायचे असेल, तर यासारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण. डॅन्यूब नदी आपल्या प्रवाहात सर्वांत उत्तरेकडे जाते ती याच शहरापाशी आणि येथून ती आग्नेयेकडे वळते. सुमारे १८३ हेक्टरांचा जुना शहरभाग २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. मार्गदर्शक घेण्याची गरज नाही. पर्यटन कार्यालयातील नकाशा, मजबूत तळव्यांचे बूट आणि मोकळा दिवस एवढे पुरे. पाहण्याचा क्रम मात्र विचारपूर्वक ठरवावा. बहुतेक प्रवासी थेट नदीवरील दगडी पूल गाठतात. पूल शेवटी ठेवला, तर शहराची गोष्ट अधिक नीट उलगडते, असे माझे मत आहे.

रेल्वेस्थानकाबाहेर पडल्यावर झाडीचा एक पट्टा लागतो. जुन्या तटबंदीच्या जागी लावलेल्या या बागेत योहानेस केप्लरचे गोल मंडपासारखे छोटे स्मारक आहे. त्याची कथा पुढे येईलच. तेथून उत्तरेस चालत गेल्यास दहा मिनिटांच्या आत डाखाउप्लात्झ हा चौक येतो. एका बाजूस फ्रान्सिस्कन भिक्षूंच्या जुन्या मठात इतिहास संग्रहालय आहे आणि दुसरीकडे मोटारी ठेवण्याची बहुमजली इमारत. या इमारतीत अवश्य शिरावे. मोटारींच्या शेजारीच प्रचंड चिऱ्यांची रोमन भिंत उभी आहे. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या कारकीर्दीत, इसवी सन १७९ मध्ये, सुमारे सहा हजार सैनिकांसाठी येथे लष्करी तळ बांधला गेला. जवळच डॅन्यूबला मिळणाऱ्या रेगेन नदीवरून त्याला कास्ट्रा रेजिना हे नाव पडले. हा तळ पूर्ण झाल्याची नोंद करणाऱ्या शिलालेखाचा भाग समोरच्या संग्रहालयात आहे. स्वतःचा जन्मदाखला असा दगडावर कोरून ठेवलेली शहरे थोडीच.

याच चौकात एक स्मारक आहे. त्याच्याजवळ थांबण्यास फार कमी प्रवाशांना सवड होते. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य शहराच्या जवळ आले होते. युद्ध हरल्यातच जमा होते, तरी शहर शेवटच्या दगडापर्यंत लढवावे, असा नाझी अधिकाऱ्यांचा आग्रह होता. २३ एप्रिल रोजी येथे लोकांचा, विशेषतः स्त्रियांचा, मोठा जमाव जमला. शहर न लढता स्वाधीन करा, एवढीच त्यांची मागणी होती. कॅथेड्रलचे प्रवचनकार योहान मायर लोकांना शांत राहण्यास सांगत बोलू लागले आणि तेथेच पकडले गेले. रात्री घाईघाईने खटला चालला आणि २४ तारखेच्या पहाटे याच चौकात त्यांना फाशी देण्यात आली. त्यांच्याबरोबर योसेफ त्सिर्कल या वृद्ध कामगारालाही फासावर चढवले. मिखाएल लोटनर हा तिसरा नागरिक त्याआधीच गोळीने मारला गेला होता. २७ एप्रिलला शहर लढाईविना अमेरिकी सैन्याच्या हाती गेले. पुढच्या गल्ल्यांतून फिरताना जे जुने दगड अजून जागच्या जागी दिसतील, त्यांचा हिशेब या तीन मृत्यूंना धरूनच करावा लागतो.

पश्चिमेकडे काही मिनिटे चालले की नॉयफारप्लात्झ हा विस्तीर्ण चौक लागतो. दाट वस्तीच्या मध्ययुगीन शहरात एवढी मोकळी जागा कोठून आली, हा प्रश्न येथे पडायला हवा. १५१९ पर्यंत येथे ज्यूंची वस्ती होती. जर्मन प्रदेशातील ती एक जुनी आणि विद्वत्तेसाठी नावाजलेली वस्ती होती. ज्यू समाजाला सम्राटाचे संरक्षण होते. त्यामुळे व्यापार घसरल्याचा राग त्यांच्यावर काढणाऱ्या नगरसभेचे हात बांधलेले होते. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट पहिला मॅक्सिमिलियन वारला आणि नवा सम्राट निवडला जाण्यापूर्वीच नगरसभेने डाव साधला. फेब्रुवारीच्या थंडीत सुमारे ५०० ज्यूंना शहर सोडावे लागले, सिनेगॉग पाडले गेले, दफनभूमीतील शिळा उखडल्या गेल्या. त्यांपैकी काही शिळा विजयचिन्हाप्रमाणे घरांच्या भिंतींत बसवलेल्या आजही आढळतात. प्रख्यात चित्रकार आल्ब्रेख्ट आल्टडॉर्फर त्या वेळी नगरसभेच्या कारभारात होता. पाडण्यापूर्वी त्याने सिनेगॉगची दोन चित्रे कोरून ठेवली. त्या वास्तूचे रूप आपल्याला कळते ते तिच्या पाडावात सामील असलेल्या माणसामुळे!

पाडकामात जखमी झालेला एक कारागीर आश्चर्यकारकरीत्या बरा झाला, अशी वार्ता पसरली आणि त्या जागी मेरीच्या नावाने मोठी यात्रा भरू लागली. पुढे उभे राहिलेले चर्च १५४२ मध्ये प्रोटेस्टंट झाले. १९९५ ते १९९८ या काळातील उत्खननात वस्तीची तळघरे सापडली आणि त्यांच्यात दडवलेली ६२४ सोन्याची नाणीही. भूमिगत अवशेष ठरलेल्या वेळीच दाखवले जातात. चौकात मात्र सिनेगॉगच्या पायाच्या रेखेवर इस्रायली शिल्पकार दानी कारावान यांनी २००५ मध्ये पांढऱ्या दगडाची सखल रचना उभारली आहे. तिला कुंपण नाही. मुले तिच्यावर खेळतात, दुपारी लोक डबा उघडून बसतात. काहींना हे खटकते. परंतु कारावान यांना भेटीगाठींचीच जागा हवी होती. येथून जवळच १९१२ मध्ये बांधलेले सिनेगॉग नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळण्यात आले. त्याच जागी नवे सिनेगॉग उघडले ते २०१९ मध्ये, म्हणजे हकालपट्टीला बरोबर पाचशे वर्षे झाल्यावर.

येथून उत्तरेकडे मान वर केली की सेंट पीटर कॅथेड्रलचे १०५ मीटर उंचीचे जुळे मनोरे दिसतात. १२७३ च्या सुमारास सुरू झालेले काम मनोऱ्यांच्या टोकांपर्यंत पोहोचण्यास एकोणिसावे शतक उजाडले. आत जाण्यापूर्वी दक्षिण बाजूची भिंत पाहावी. ज्यूंना डुकरिणीशी जोडून त्यांची विटंबना करणारे शिल्प तेथे आहे आणि ते नेमके जुन्या ज्यू वस्तीच्या दिशेस तोंड करून आहे. आत, खांबापाशी उभा असलेला गॅब्रिएल देवदूत चक्क दात दाखवून हसतो. तेराव्या शतकातील धार्मिक शिल्पात असे निर्भर हास्य विरळाच. चौदाव्या शतकातील रंगीत काचांसाठी सकाळचा प्रकाश चांगला. येथील मुलांचे गायकवृंद जगप्रसिद्ध आहेत. त्या संस्थेत अनेक दशके मुलांचा छळ झाला आणि २०१७ च्या चौकशी अहवालात ५४७ पीडितांची नोंद झाली, हेही गायन ऐकताना ठाऊक असावे.

कॅथेड्रलच्या मागे, नदीकडच्या गल्लीत, पांढऱ्या भिंतीतून अचानक काळपट चिऱ्यांची कमान बाहेर डोकावते. ही पोर्टा प्रेटोरिया, रोमन तळाचे नदीकडील प्रवेशद्वार. पुढील शतकांतील बांधकामात ती अशी लपून गेली की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इमारतीचे काम निघाले तेव्हाच पुन्हा उजेडात आली. जर्मनीत रोमन प्रवेशद्वार याहून भव्य रूपात पाहायचे, तर ट्रियरला जावे लागते.

वाटमार्क्ट आणि वालेनश्ट्रासे या गल्ल्यांत थोडे रेंगाळावे. दावीद आणि गोलियाथ यांचे सोळाव्या शतकातील प्रचंड भित्तिचित्र वाटमार्क्टवरील वाड्यावर आहे. नऊ मजली सोनेरी मनोरा वालेनश्ट्रासेवर. बाराव्या-तेराव्या शतकांत येथील व्यापारी व्हेनिस, कीव्ह, प्राग येथपर्यंत व्यवहार करीत आणि इटलीतील शहरे पाहून आल्यावर आपापल्या घरांना मनोरे चढवीत. संरक्षणासाठी त्यांचा फारसा उपयोग नव्हता. शेजाऱ्यापेक्षा आपला मनोरा उंच, एवढाच त्यांचा उद्देश. पुढे व्यापार न्युरेन्बर्ग आणि आउग्सबुर्गकडे सरकला, जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा शहराकडे उरला नाही आणि त्या दारिद्र्यानेच हे मनोरे वाचवले.

जुने नगरभवन पाहण्यास मार्गदर्शित फेरीचे तिकीट घ्यावे लागते. दिवसभरात पैसे खर्च करण्यासारखी ही एक जागा. तुर्कांच्या आक्रमणाचा विचार करण्यासाठी १६६३ मध्ये येथे पवित्र रोमन साम्राज्याची महासभा बोलावली गेली. ती काही केल्या संपेना. राजेरजवाडे येणे बंद झाले, त्यांचे वकील येऊ लागले आणि १८०६ मध्ये साम्राज्यच विसर्जित झाले तेव्हा ही १४३ वर्षांची बैठक उठली. त्याच इमारतीत तळाशी यातनागृह आहे, मूळ साधनांसह. वरच्या दालनातील नक्षीदार छत आणि खालचा तो अंधार एकाच तिकिटात दिसतात. बाहेर दरवाजाशेजारी भिंतीत लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या आहेत, त्या चुकवू नयेत. पाऊल, कापड मोजण्याचा गज आणि वाव ही शहराची अधिकृत मापे. फसवले गेल्याची शंका आलेल्या ग्राहकाने येथे येऊन खात्री करून घ्यावी, अशी ही सोय होती.

जवळच डॉन हुआन द आउस्ट्रिया याचा पुतळा आहे. १५७१ मध्ये लेपांतोच्या आरमारी युद्धात तुर्कांना हरवणारा हा सेनापती याच शहरातील बार्बरा ब्लोम्बर्ग या तरुणीला सम्राट पाचव्या चार्ल्सपासून झालेला मुलगा. त्याचा सावत्र भाऊ स्पेनचा दुसरा फिलिप पुढे पोर्तुगालच्या गादीवरही बसला आणि साहजिकच गोव्याचाही धनी झाला. रेगेन्सबुर्गच्या गल्लीत आपला इतिहास असा अवचित भेटतो.

नदीच्या दिशेने जाताना लागतो केप्लरश्ट्रासे. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा केप्लर नोव्हेंबर १६३० मध्ये येथे आला तो विद्येसाठी नव्हे, तर सम्राटाकडे थकलेल्या वेतनाची वसुली करण्यासाठी. वाटेतल्या थंडीने आजारी पडून १५ नोव्हेंबर रोजी तो या रस्त्यावरील घरात मरण पावला. पैसे मिळाले नाहीत ते नाहीतच. तटाबाहेरच्या दफनभूमीतील त्याची कबरही तीस वर्षांच्या युद्धात नष्ट झाली. स्थानकाजवळचे ते स्मारक १८०८ मधले.

आता पूल. त्याच्या पायथ्याशी सतराव्या शतकातील मिठाचे कोठार आहे. तेथे वारसास्थळाची विनामूल्य माहिती मिळते. त्याला खेटून सॉसेज भाजणारे जुने, बुटके स्वयंपाकघर आहे. डुकराचे मांस चालत असेल त्याने आंबवलेली कोबी आणि गोडसर मोहरीसह ते चाखावे. न चालणाऱ्याने निदान त्याच्या भिंतीवरील महापुरांच्या खुणा वाचाव्यात.

दगडी पूल ११३५ ते ११४६ या अवघ्या अकरा वर्षांत उभा राहिला. पहिल्या वर्षी नदीचे पाणी फार आटले होते, याचा पायाभरणीला लाभ झाला, असे मानले जाते. प्रागच्या प्रसिद्ध पुलाहून हा दोनशे वर्षांनी जुना. मूळच्या सोळा कमानींपैकी पंधरा दिसतात. खांबांचे पाये वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांच्याभोवती होडीच्या आकाराची बेटे रचली आहेत. परिणामी पात्र अरुंद होऊन कमानींखाली पाणी उसळते आणि भोवरे पडतात. पूर्वी प्रवाहाविरुद्ध नौका ओढून न्याव्या लागत. आता मोठ्या मालवाहू नौका उत्तरेकडील कालव्याने जातात. पुलाचा बांधकामप्रमुख आणि कॅथेड्रलचा बांधकामप्रमुख यांच्यात पैज लागली, पुलाच्या बाजूने सैतानाने मदत केली आणि मोबदल्यात मागितलेल्या पहिल्या जीवांऐवजी त्याच्याकडे कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा हाकलले गेले, अशी दंतकथा आहे. पुलावरील दगडी माणूस डोळ्यांवर हात धरून दक्षिणेकडे पाहतो, तो कॅथेड्रल कितपत झाले हे पाहण्यासाठी, असेही सांगतात. कथा गोड आहे. मात्र कॅथेड्रलचे काम सुरू झाले तेव्हा पूल सव्वाशे वर्षांचा झाला होता.

१९९७ पासून पुलावर मोटारी आणि २००८ पासून बसगाड्याही बंद झाल्या. नंतर दीर्घ दुरुस्ती होऊन २०१८ मध्ये तो पूर्ण खुला झाला. पणजी-रायबंदर मार्गावर १६३०च्या दशकातील पोंत द लिन्हारेसवरून रोज वाहनांची रांग जाते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

पूल ओलांडला की श्टाडअमहोफ. १९२४ पर्यंत हे वेगळे गाव होते. पूल ही एके काळी मुक्त शहर आणि बव्हेरिया यांच्यातील सरहद्दच होती. २३ एप्रिल १८०९ रोजी नेपोलियनच्या लढाईत रेगेन्सबुर्ग पेटले, श्टाडअमहोफही जळाले आणि खुद्द नेपोलियनच्या पायाला गोळी लागली. १९४५ मध्ये त्याच तारखेला माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पुलाच्या काही कमानी उडवल्या. ज्या दिवशी मायर चौकात बोलत होते, तोच हा दिवस.

मुख्य रस्त्यावरील कोलोसिउम या जुन्या उपाहारगृहाच्या इमारतीत मार्च १९४५ पासून फ्लोसेनब्युर्ग छळछावणीचे सुमारे ४०० कैदी कोंडलेले होते. बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेले लोहमार्ग दुरुस्त करण्यासाठी त्यांना रोज पुलावरून भर शहरातून नेले जाई, सर्वांच्या देखत. पूल उडवला जाण्याच्या आदल्या रात्री त्यांना दक्षिणेकडे पायी हाकलण्यात आले आणि त्यातील अनेक वाटेतच मेले. आज त्या रस्त्यावर आइस्क्रीमची दुकाने आहेत, उन्हात खुर्च्या मांडलेल्या असतात. संध्याकाळी परतताना पुलाच्या मध्यावर थोडे थांबावे. कॅथेड्रल, मनोरे आणि मिठाचे कोठार यांच्यावर पश्चिमेचे ऊन त्या वेळी सर्वांत चांगले पडते. म्युनिकच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात.