थुंकीतलं रक्त

बचत गटाची मीटिंग संपली की बायका खरं बोलतात, चपला घालता घालता. अमळनेरकडच्या एका गावात अशीच एक सून मागे रेंगाळली. सहावा महिना चालू. हळूच म्हणाली, "ताई, दात घासले का रगत येस." पंधरा दिवसांपासून तिने ब्रश बंदच केला होता. सासूबाईंनी मिश्री दिली होती लावायला, तव्यावर तंबाखू भाजून घरीच केलेली.

तिला काय बोलणार? मीही तेच केलं होतं. रक्त दिसलं की ती बाजू सोडून घासायची, अशी तब्बल दोन वर्षं! शेवटी धुळ्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, तेव्हा उलगडा झाला. रक्त ब्रशमुळे नाही, सुजेमुळे येतं.

दात आणि हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो. त्यांच्याशी लढायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं. आधी न्यूट्रोफिल, ते जंतूंना गिळतात. मग लिम्फोसाइट, आणि थर तसाच राहिला तर प्लाझ्मा पेशींचीही गर्दी होते. त्यांना वाट करून द्यायला रक्तवाहिन्या रुंदावतात, हिरडी लाल आणि फुगीर होते. या लढाईत हिरडीचे स्वतःचे धागेही तुटतात, आतलं अस्तर पातळ होऊन फाटतं. चोर पकडायला आलेल्यांनी आपलंच दार मोडावं, तसं! मग नुसता ब्रश लागला तरी रक्त. आणि घासणं सोडलं की थर आणखी वाढतो.

डेन्मार्कमध्ये १९६५ साली हॅराल्ड लो यांनी हे दाखवून दिलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं थांबवलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात सूज उतरली. मात्र दुर्लक्ष होऊन खालचं हाड झिजलं, तर ते आपोआप भरून येत नाही. दात हलायला लागतात.

गरोदरपणात हार्मोन्स वाढतात, त्यामुळे थोड्याशा थरानेही हिरडी जास्त सुजते. म्हणूनच या दिवसांत मऊ ब्रशने, हळू हाताने, दोन वेळा घासायचंच. डॉक्टरांना दिवस सांगून दात साफ करून घेतले तरी बाळाला धोका नसतो. नीट घासूनही रक्त थांबलं नाही तर दाखवायलाच हवं. मिश्री मात्र तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन बाळापर्यंत पोचतं, बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं. तोंडाच्या कॅन्सरचं भय वेगळंच.

हे सगळं सासूबाईंसमोरच सांगितलं. त्या ठसक्यात म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं लावते, काय झालं मला?" मी म्हटलं, "मावशी, आ करा बरं." खालचे पुढचे दोन दात नव्हते, तिसरा बोटाने हलत होता. त्या स्वतःच हसल्या.

पुढच्या मीटिंगला सून सांगत आली, रक्त कमी झालंय. मिश्रीची डबी मात्र अजून फळीवरच आहे, सासूबाईंची.